ऑटोमेशनची सुटी कामे: मागायची कोणाकडे आणि लिहून काय घ्यायचे

प्रश्न: चाकणच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात पीएलसी (मशीन चालवणारे औद्योगिक संगणक) सांभाळतो. सीमेन्स आणि मित्सुबिशीवर हात बसला आहे. आता स्वतंत्र कामे घ्यायची आहेत. मोठ्या कंपन्यांच्या मेंटेनन्स मॅनेजरना बायोडेटा पाठवले, पण एकाचेही उत्तर नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, तळेगाव

उत्तर: उत्तर आले नाही म्हणून तुमच्या कौशल्यात खोट आहे असे समजू नका. मोठ्या कंपनीला तुमच्या नावाने पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायचा तर आधी व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद, लागतो. त्यासाठी जीएसटी, विमा, मागच्या वर्षांची उलाढाल अशी कागदपत्रे मागतात. एकट्या माणसासाठी खरेदी विभाग सहसा एवढा खटाटोप करत नाही.

एकट्याला काम मिळते ते सिस्टिम इंटिग्रेटर (यंत्रे जोडून ऑटोमेशन बसवून देणारे), कंट्रोल पॅनेल बनवणारे आणि एसपीएम, म्हणजे खास कामाची मशीन बनवणारे, यांच्याकडे. भोसरी, चाकण, रांजणगाव, अंबड, वाळूज इथे असे छोटे कारखाने आहेत. पॅनेलवाल्याकडे वायरमन असतात, पण प्रोग्रामर बारा महिने पोसणे त्याला परवडत नाही. एसपीएमवाल्याची दोन मशीन एकाच आठवड्यात निघणार असली की त्याचा एकुलता प्रोग्रामर दोन्हीकडे पुरत नाही. मार्चअखेरीच्या डिस्पॅचला आणि दिवाळीच्या शटडाउनला ही ओढाताण सर्वात जास्त असते, म्हणून दीड-दोन महिने आधी भेटा. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. चालू लाइनमधले बदल त्याच दिवशी उरकतात, तेव्हा गुरुवार मोकळा ठेवा.

बायोडेट्याऐवजी एकच पान द्या. ‘पीएलसी येते’ यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. कोणता पीएलसी, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, मोटरचे कोणते ड्राइव्ह आणि सर्व्हो, नेटवर्क मॉडबस की प्रोफिनेट, मशीन कसले आणि आयओ (इनपुट-आउटपुट) किती, हे लिहा. आवृत्ती लिहायची कारण टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत नेला की जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. गिऱ्हाइकाकडे जुनी आवृत्ती असेल तर त्याचे काम अडते. म्हणून लॅपटॉपवर प्रत्येक आवृत्तीचे वेगळे व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) ठेवा, आणि कोणत्याही साइटवर पहिला बदल करण्याआधी बॅकअप घ्या. सीमेन्सच्या एस७-३०० पीएलसीमधून प्रोग्राम अपलोड केला तर सिम्बॉल (दिलेली नावे) आणि कॉमेंट (टिपा) मिळत नाहीत, त्यामुळे मूळ प्रोजेक्ट आधीच मागून घ्या. सध्याच्या कंपनीतला प्रोग्राम मात्र नमुना म्हणून कोणालाही दाखवू नका. तो तिच्या मालकीचा आहे.

प्रश्न: ठोक भावात काम घेतले. साइटवर गेले तर सेन्सर बसलेले नव्हते, हवेची लाइन नव्हती. पाच दिवसांचे काम पंधरवडाभर लांबले, पैसे तेवढेच मिळाले. दर कसा लावावा?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर: ठोक भाव फक्त टेबलावरच्या, म्हणजे साइटवर न जाता बसून करायच्या प्रोग्रामिंगच्या, कामाला द्या. साइटचे काम नेहमी दिवसाच्या दराने घ्या, कारण तिथला उशीर तुमच्या हातात नसतो.

टेबलावरच्या कामाचा हिशेब आयओ लिस्ट आणि मशीनचा क्रम लेखी हातात आल्याशिवाय करूच नका. समजा ६४ आयओ आणि ६ स्क्रीन आहेत. मॅपिंग आणि मॅन्युअल मोडला २ दिवस, ऑटो सायकलला ४, अलार्मला १, एचएमआयला (ऑपरेटरच्या स्क्रीनना) ३, सिम्युलेशनला २ धरले तर १२ दिवस होतात. त्यावर पाव हिस्सा वाढवून १५ दिवसांचा भाव द्या. तो पाव हिस्सा बहुतेक वेळा ऑटो सायकलमध्येच जातो. सायकल मध्येच थांबली, वीज गेली, दरवाजा उघडला, तर मशीनने पुढे काय करायचे हे कागदावर कोणी लिहिलेलेच नसते. हे प्रश्न पहिल्या बैठकीतच विचारा. ऑर्डरमध्ये स्क्रीनची संख्या आणि बदलांच्या फेऱ्या लिहा. दोन फेऱ्या भावात, तिसरीपासून वेगळे पैसे.

साइटसाठी अट अशी घाला: वायरिंगची तपासणी झाली, हवा आणि वीज आली, सेन्सर बसले, असा मेल आल्यावरच निघणार. पोचल्यावर काम सुरू झाले नाही तरी दिवसाचा दर लागेल, प्रवासाच्या दिवसाला अर्धा. रोज संध्याकाळी सर्व्हिस रिपोर्टवर सही घ्या आणि का थांबावे लागले ते त्यातच लिहा. महिन्याने ‘उशीर तुमच्यामुळे झाला’ असे कोणी म्हणाले तर हाच कागद उपयोगी पडतो.

पैसे ४० टक्के ऑर्डरबरोबर, ४० मशीन इंटिग्रेटरच्या शेडमध्ये चालवून दाखवल्यावर, २० कमिशनिंगनंतर, म्हणजे साइटवर मशीन चालू करून दिल्यावर. शेवटचे २० टक्के ‘ग्राहकाच्या समाधानानंतर’ असे लिहू देऊ नका, त्याला मुदत नसते. कमिशनिंग झाल्यावर किंवा डिस्पॅचनंतर ६० दिवसांनी, यांतले जे आधी होईल ते, असे लिहा. महाराष्ट्रात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या कामावर १८ टक्के कर लागतो. भाव सांगताना ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द विसरू नका.

प्रश्न: बिल अडकू नये म्हणून प्रोग्राममध्ये तारखेचे लॉक (ठरलेल्या तारखेला मशीन आपोआप बंद पाडणारे) टाकावे, असे एक मित्र सांगतो. टाकू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: अजिबात नको. भर सायकलमध्ये प्रेस किंवा रोबोट थांबला तर तिथे उभ्या असलेल्या ऑपरेटरचा हात जाऊ शकतो. शिवाय न सांगता यंत्रणा बंद पाडणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये अडकू शकते, आणि एकदा बोभाटा झाला की त्या पट्ट्यात पुन्हा काम मिळत नाही.

बिल अडकू नये म्हणून उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती ऑनलाइन आणि मोफत होते. मात्र काम सुरू होण्याआधीच करा, वाद झाल्यावर केलेली उपयोगी पडत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मुदत उलटली की आधी कंपनीच्या अकाउंट्सला व्याजाच्या हिशेबासह पत्र द्या, त्यानेही हलले नाहीत तर याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. अर्जाला पीओ, बिल आणि सही केलेले सर्व्हिस रिपोर्ट जोडा.