अठरानंतरचं घर: इमारतीआधी चालू खर्चाची सोय करा

तुमच्या ट्रस्टला एका दात्याने वीस गुंठे जागा देऊ केली आहे. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडावं लागणाऱ्या आणि स्टेशनवर, बसस्थानकावर दिवस काढणाऱ्या तरुणांसाठी तिथे 50 जणांची निवासी इमारत, तळमजल्यावर वेल्डिंग, शिवण आणि संगणकाचे वर्ग अशी तुमची योजना आहे. निधी कुठून आणावा, असं तुम्ही विचारलंत. या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं स्पष्ट मत आधी सांगते. जागा जरूर घ्या, पण बांधकामाचा ठराव आत्ता करू नका. इमारतीला पैसे देणारे भेटतात, कारण तिला कोनशिला असते, उद्घाटन असतं, फोटो असतो. त्या इमारतीत रात्री मुक्कामाला राहणाऱ्या गृहपालाच्या पगाराला पैसे देणारा मात्र सहजासहजी मिळत नाही. आणि मुलं टिकतात ती त्या माणसामुळे. म्हणून आधी चालू खर्चाचा हिशोब मांडा.

केवळ समजण्यासाठी एक आकडा धरू. भाडं, जेवण, प्रवास, वीज, औषधपाणी, कर्मचाऱ्यांचे पगार असं सगळं मिळून एका मुलामागे महिन्याला 15,000 रुपये. तुमच्या गावात तो कमी-जास्त होईल, तुम्ही तुमचा काढा. आठ मुलांचं घर चालवायला वर्षाला 14 लाख 40 हजार लागतील. 50 मुलांचं चालवायला 90 लाख, आणि तेही दरवर्षी, बांधकामाचा खर्च सोडून. नव्या संस्थेने पहिल्या वर्षी 14-15 लाख उभे करणं अवघड असलं तरी होण्यासारखं आहे. 90 लाखांसाठी मात्र एका मोठ्या कंपनीवर विसंबावं लागतं, आणि त्या कंपनीचं धोरण बदललं की 50 मुलांच्या डोक्यावरचं छप्पर जातं. ज्या मुलांनी घर एकदा गमावलंय, त्यांच्यावर पुन्हा ही वेळ आपल्यामुळे येता कामा नये.

लहान घराला कायद्याचाही आधार आहे. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 46 संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना आर्थिक साहाय्य देण्याबद्दल आहे. त्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 25 अनुरक्षणाचं, म्हणजे संस्था सोडल्यानंतर द्यायच्या आधाराचं (आफ्टरकेअर), स्वरूप सांगतो: सहा ते आठ जणांच्या गटाने तात्पुरतं एकत्र राहणं, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, आयटीआय वगैरेंशी जोडून देणं, समुपदेशक, धंदा सुरू करू पाहणाऱ्याला कर्जासाठी मदत. मुदत वयाच्या 21 व्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. म्हणजे भाड्याच्या दोन फ्लॅटमध्ये, एक मुलांसाठी आणि एक मुलींसाठी, तुम्ही हे काम अगदी नियमाला धरून सुरू करू शकता. लिव्ह अँड लायसन्स करार ट्रस्टच्या नावावर करा आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आधीच भेटा. "अनाथ मुलं राहणार" एवढं ऐकूनच हरकत घेणारे असतात, आणि करार झाल्यावर आलेली हरकत निस्तरणं फार जड जातं.

आता सरकारी पैशाबद्दल. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा दरडोई 4,000 रुपयांची तरतूद आहे, केंद्र आणि राज्याचा वाटा 60:40. पहिली भेट जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांची घ्या, मान्यता, नोंदणी आणि प्रत्येक मुलाच्या अनुरक्षणाच्या आदेशाची प्रक्रिया तिथूनच समजेल. जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी ओळख वाढवा, कारण कोणत्या बालगृहातून कोणता मुलगा कधी अठराचा होणार हे तुम्हाला तिथेच कळतं. पण हे 4,000 रुपये संस्थेच्या अंदाजपत्रकात धरू नका असं मी आग्रहाने सांगेन. ते उशिरा आले तर तुमचं घरभाडं थकेल, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. ही रक्कम मुलाच्या खात्यात साठू दिली, तर दोन-तीन वर्षांनी तो स्वतःच्या खोलीचं डिपॉझिट स्वतः भरतो. दुसऱ्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाण्याची किल्ली तीच असते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कलम 46 संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ज्या स्टेशनवरच्या तरुणांचा उल्लेख केलात, त्यांतले बरेच जण कधी बालगृहात दाखलच झालेले नसतात, किंवा दाखल होऊन पळालेले असतात. त्यांच्या नावाचा आदेश निघत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हा पैसा नाही. त्यांचा खर्च खासगी देणग्यांतूनच भागवावा लागतो. म्हणून ज्या देणगीवर कुठलीही अट नाही, असा प्रत्येक रुपया या मुलांसाठी राखून ठेवा. अटी असलेला पैसा ज्यांची कागदपत्रं पूर्ण आहेत त्यांच्यासाठी वापरा.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल, तुम्ही वेगळं विचारलंत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्यांची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात. या खर्चात कोणती कामं बसतात त्याची यादी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे. तिच्यात व्यवसाय कौशल्यं आहेत, आणि महिला व अनाथांसाठी घरं आणि वसतिगृहं उभारणंही आहे. म्हणजे तुमचा प्रकल्प सरळ बसतो, ओढूनताणून बसवावा लागत नाही. ट्रस्टकडे आयकराची नोंदणी, 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी), सीएसआर-1 क्रमांक (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचा ट्रस्ट नवा आहे, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं देणग्यांवर किंवा एखाद्या जुन्या, नोंदणीकृत संस्थेबरोबर भागीदारीत काढावी लागतील. भाड्याच्या घरापासून सुरुवात करा म्हणते त्यामागे हेही आहे. तोच काळ पुढे तुमचा अनुभव म्हणून मोजला जातो. (आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासूनचा कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत. लोक बोलताना अजून 80जीच म्हणतात, पण कागदावर काय लिहायचं ते सीएकडून तपासून घ्या.)

कंपन्यांशी बोलताना दोन गोष्टी अडतात. पहिली म्हणजे पाच टक्के. "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही" असं सांगून तुमचा गृहपाल आणि समाजसेवक अंदाजपत्रकातून कापले जातात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा, देखरेखीचा, मूल्यमापनाचा खर्च त्या व्याख्येत येत नाही. सीएसआर नियमांतली व्याख्या छापून सोबत न्या आणि शांतपणे दाखवा. समोरच्याला बऱ्याचदा खरोखरच माहीत नसतं. अंदाजपत्रकातही "प्रशासन" असा एकच गठ्ठा करू नका. "रात्रनिवासी गृहपाल, आठ मुलांसाठी एक", "नोकरीच्या ठिकाणी भेट देणारा समाजसेवक" अशा ओळी लिहा. कामाची ओळ वाचली की ती कापायला हात धजत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. कंपनी एका आर्थिक वर्षाचा धनादेश द्यायला तयार होते, तुमच्या मुलाला मात्र स्वतःच्या पायावर उभं राहायला दोन-तीन वर्षं लागतात. "चालू प्रकल्प" म्हणून मंजुरी मागा. त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं धरता येतात, आणि खर्च न झालेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. एका वर्षाच्या पैशावर मुलं दाखल करून घेऊ नका. दाखल करताना त्या मुलाचा किमान अठरा महिन्यांचा खर्च हाताशी असायला हवा, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणाच्याही आग्रहाने मोडत नाही. अमेरिकेत याच वयोगटासाठी जो सरकारी कार्यक्रम आहे त्याचीही मुक्कामाची मुदत साधारण इतकीच, 540 दिवस, धरलेली आहे.

सीएसआरमधून कॉर्पस, म्हणजे संस्थेचा कायमस्वरूपी मूळ निधी, मात्र मागू नका. 2021 च्या नियमबदलानंतर संस्थेच्या कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. कॉर्पस व्यक्तींकडून उभा करा. देणगीदाराचं "ही रक्कम कॉर्पससाठी आहे" असं लेखी पत्र घ्या आणि फाइलला लावा, नाहीतर ऑडिटच्या वेळी ती चालू वर्षाचं उत्पन्न ठरेल. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा राखीव निधी हे पहिलं उद्दिष्ट ठेवा. परदेशी देणगीचा विचार इतक्यात नको. एफसीआरएला, म्हणजे परदेशी देणगीसाठी लागणाऱ्या नोंदणीला, तीन वर्षांचं काम आणि त्या काळात 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि 2020 नंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्क्यांवर आली आहे.

लहान देणगीदारांकडे दुर्लक्ष करू नका. दरमहा हजार रुपये देणारी दीडशे माणसं म्हणजे वर्षाला 18 लाख. आठ मुलांचं घर यात चालतं आणि वर थोडं उरतं. यातली दहा माणसं गळाली तर घर बंद पडत नाही, दहा नवी शोधायला वेळ मिळतो. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, एकाच कारखान्यातले सहकारी अशा ओळखीच्या वर्तुळांतून ही साखळी बनते. त्यांना दर तिमाहीला साधं पानभर पत्र पाठवा: किती जण राहतात, कोण शिकतंय, किती खर्च झाला, काय कमी पडतंय. 2,000 रुपयांवरची रोख देणगी घेऊ नका, तिच्यावर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. आणि फोटोंच्या बाबतीत ठाम राहा. मुलगा चेकबरोबर उभा करायचा नाही. तो उद्या नोकरीच्या ठिकाणी असेल, तिथल्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर तो फोटो फिरला तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार करा.

प्रशिक्षणासाठी वेगळी कार्यशाळा उभारू नका, हे मी इमारतीइतक्याच आग्रहाने सांगते. तुमच्या यादीतली वेल्डिंगची मशिनं विकत घेता येतील, पण चांगला निदेशक टिकवणं, कच्चा माल पुरवणं आणि प्रमाणपत्राला बाजारात किंमत मिळवणं हे तीन वेगळे खर्च आहेत आणि ते दरवर्षी येतात. आयटीआय आहेत, ग्रामीण मुलांसाठी बँकांच्या आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) आहेत, शिकाऊ उमेदवारी आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये इतका भार उचलतं, त्यामुळे लहान कारखानदारही तयार होतात. अनाथ प्रमाणपत्र मिळण्यासारखं असेल तर आधी ते काढून घ्या. महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे.

तुमचा पैसा या व्यवस्थांमधल्या फटी भरायला लागतो. मुलगा नोकरीला लागतो महिन्याच्या तीन तारखेला. पगार होतो पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहाला. तोपर्यंत रोजचं बसभाडं, डबा, कारखान्याने मागितलेले सेफ्टी बूट, बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा. आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा असतो, तो बदलायचा तर नव्या पत्त्याचा कागद हवा, आणि कागद तर भाडेकरार झाल्याशिवाय नाही. ओव्हरटाइम करून रात्री साडेबाराला परतणाऱ्याला दार उघडायला जागं कुणीतरी हवं, आणि झाकून ठेवलेलं जेवण हवं. घरी आई हे करते, त्यामुळे त्याचा खर्च कुणी मोजत नाही. पहिली नोकरी सुटते ती बहुतेक वेळा या दीड महिन्यात, काम येत नाही म्हणून क्वचितच. यासाठी एक फिरता निधी ठेवा: मुलाने गरजेपुरतं घ्यायचं, पगार सुरू झाला की झेपेल तशा हप्त्यांनी परत करायचं, त्याच पैशातून पुढच्याचे बूट येतात. थकलेल्या हप्त्यासाठी कुणाला घराबाहेर काढू नका. या निधीसाठी 1-2 लाख मागितले तर रोटरीसारखे क्लब किंवा स्थानिक उद्योजक आनंदाने देतात, कारण रक्कम आवाक्यातली असते आणि ती वर्षानुवर्षं फिरताना दिसते.

जागेबद्दल थोडक्यात. दानपत्रात "इतक्या वर्षांत इमारत बांधली नाही तर जागा परत" अशी अट असेल तर ती काढून घ्या किंवा मुदत वाढवून घ्या. बिगरशेतीचा दाखला आणि रस्त्याचा हक्क वकिलाकडून तपासा. पुढे बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची किंवा विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कर्ज काढायलाही लागते. शिवाय जागा शहरापासून लांब असेल तर सेकंड शिफ्ट सुटल्यावर तिथे पोचायला बस आहे का, हे विश्वस्तांपैकी कुणीतरी स्वतः त्या वेळी जाऊन पाहा.

तुमचा एका मुलामागचा मासिक खर्च ओळीनुसार काढा आणि इथेच टाका, सोबत जागेच्या सातबाऱ्यावर "इतर हक्क" रकान्यात काय आहे तेही लिहा. गृहपालाची ओळ कोणत्या शब्दांत मांडायची आणि कोणता खर्च कुणाकडे मागायचा, ते आकडे समोर आल्यावर ओळीवार सांगते.