दवाखान्यातून घरी येणारी घोडी आणि साल्मोनेला

शहादा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "पोटशूळ झाला म्हणून घोडी दवाखान्यात भरती केली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण चौथ्या दिवशी ताप चढला, पाण्यासारखी लीद सुरू झाली आणि तपासणीत साल्मोनेला निघाला. हा रोग दवाखान्यानेच लावला ना? आता सुट्टी मिळतेय. खळ्यात बैल आहेत, गाय-वासरू आहे, कोंबड्या आहेत. घोडी बांधू कुठे? आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला न्यावी का?"

भाऊ, आधी तुमच्या रागाबद्दल. साल्मोनेला हा हगवण लावणारा जंतू काही धडधाकट घोड्यांच्या आतड्यातही गुपचूप असतो. मग पोटशूळ उठतो, पिकअपमध्ये उभ्याने प्रवास होतो, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवावं लागतं, वर अँटिबायोटिक. मोठ्या आतड्यातले चारा पचवणारे उपयोगी जंतू यात मरतात आणि साल्मोनेलाला मोकळं रान मिळतं. दवाखान्यात लागण होतच नाही असं मात्र नाही. नाकातून पोटात घालायची नळी, थर्मामीटर, पाण्याची बादली, मोतद्दाराचे हात, यांतून जंतू एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातो. एकाच वेळी तिथल्या तीन-चार घोड्यांना हगवण लागली असती, तर तुमच्या संशयाला जोर आला असता. एकट्या घोडीवरून तसं म्हणता येत नाही. दवाखान्याने तिला वेगळं बांधलं ते बरोबरच केलं, आणि आता तेच तुम्हाला घरी करायचं आहे.

लीद घट्ट झाली तरी जंतू बाहेर पडत राहतो, म्हणून निदान ३० दिवस घोडी वेगळी ठेवा. जागा अशी निवडा की तिचं मूत-पाणी वाहून बैलांच्या हौदाकडे जाणार नाही. बादली, तोबरा, खरारा, फावडं सगळं तिचं वेगळं. आधी बाकीच्या जनावरांचं चारापाणी उरकायचं आणि शेवटी घोडीकडे जायचं, उलट नाही. वासराला तर तिच्या आसपास फिरकू देऊ नका. वासरांना हा जंतू फार लवकर धरतो. कोंबड्या तिच्या लिदेत चोच मारणार, त्याही कोंडा. उंदीर आणि माश्यांचाही बंदोबस्त हवा.

आपल्याकडे ओल्या लिदेवरच ब्लीचिंग पावडर भुरभुरतात. दारात पांढरी रांगोळी दिसते, जंतूला काही होत नाही, कारण लिदेत मिसळली की पावडरीचा जोर जातो. आधी लीद खरवडून काढा, साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या आणि मग ब्लीचिंगचं पाणी मारा. पाइपाचा जोराचा फवारा नको, शिंतोडे चारी बाजूंना उडतात. मातीची जमीन धुऊन शुद्ध होत नाही. वरचा थर काढून टाका आणि ऊन लागू द्या.

लीद नेहमीच्या उकिरड्यावर नको, वेगळ्या खड्ड्यात झाकून कुजवा. जंतू लिदेत आणि ओल्या मातीत कित्येक महिने टिकतो. मेथी, कोथिंबीर, कांदा यांच्या वाफ्यात ती कच्ची लीद अजिबात टाकू नका.

हा रोग माणसालाही लागतो. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना लांब ठेवा. आणि भाऊ, लीद काढल्यावर तंबाखू मळायच्या आधी हात साबणाने धुवा. हे मुद्दाम लिहितोय, कारण रोज बघतोय.

सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. १०१.५ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, चंदी (दाणा) खाणं सोडलं किंवा पुन्हा पातळ लीद झाली, तर लगेच डॉक्टर बोलवा. जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९६२ वर, फोन केला तरी चालेल. घोडी पुढचे पाय पुढे टाकून टाचेवर भार घेत असेल, तर खुरांच्या आत सूज आली असं समजा. तिथे अर्धा दिवसही थांबू नका. सलाईन लावलेली मानेची शीरही चाचपून बघा, कडक किंवा गरम लागायला नको. मेडिकलमधून आणून अँटिबायोटिक देऊ नका. आतड्यातलं बिघडलेलं गणित आणखी बिघडतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना दुखण्याचं इंजेक्शन मूत्रपिंडाला घातक ठरतं. साध्या पाण्याची एक आणि क्षार घातलेल्या पाण्याची एक, अशा दोन बादल्या ठेवा. शिंगराची गोष्ट वेगळी: त्याच्या रक्तात जंतू लवकर शिरतो, सांधे सुजतात. त्याला थेट दवाखान्यात न्या.

सारंगखेड्याला यंदा नेऊ नका. तिथे एका पाण्यावर कितीतरी घोडे येतात, आणि बाहेर पडायचा थांबलेला जंतू प्रवासाच्या ताणाने पुन्हा बाहेर पडू लागतो. एक रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. जंतू कधी लिदेत येतो, कधी येत नाही. म्हणून किमान १२-१२ तासांच्या अंतराने पाच नमुने तपासायचे असतात. नमुना ताज्या लिदेचा, जमिनीला न लागलेला घ्या, स्वच्छ डबीत भरा, बाहेरून बर्फ लावा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. डबीवर तारीख, वेळ आणि चालू औषधांची नावं लिहायला विसरू नका.