मानसपुत्र कोणाचा?

प्रश्न असा आला आहे : शॉन कॉनरीवरच्या एका लेखात ‘जेम्स बाँड हा कॉनरीचा मानसपुत्र’ असे वाक्य आहे, ते बरोबर आहे का? आमच्याकडे तर मानलेल्या मुलाला मानसपुत्र म्हणतात.

वाक्य चुकले आहे. बाँड हा इयान फ्लेमिंगचा मानसपुत्र. १९५३ साली तो कादंबरीत अवतरला, कॉनरी त्याच्या वेषात पडद्यावर आला १९६२ साली. नटासाठी मराठीत साकारणे, रंगवणे, वठवणे अशी चांगली क्रियापदे असताना त्याला बापपण कशाला द्यायचे?

मानस म्हणजे मनातून उपजलेला. मरीची, अत्री, पुलस्त्य हे ब्रह्मदेवाचे मानसपुत्र, कारण ते त्याच्या मनातून जन्मले. ‘मानलेला मुलगा’ हा अर्थ ‘मानणे’शी असलेल्या उच्चारसाम्यामुळे चिकटला असावा. शरद पवारांना यशवंतराव चव्हाणांचे मानसपुत्र म्हणतात ते याच अर्थाने. मनस् आणि मानणे यांचा धातू ‘मन्’ हाच, म्हणजे दोन्ही अर्थ एकाच कुळातले. इतक्या रुळलेल्या वापराला मी चूक म्हणणार नाही.

पण साहित्यातल्या पात्रासाठी हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ‘व्यक्तिरेखा’ कागदावर राहते, पुत्र मात्र बापाचे ऐकेलच असे नाही. ब्रह्मदेवाने प्रजा वाढवायला सांगितली तेव्हा सनक, सनंदन, सनातन आणि सनत्कुमार या मानसपुत्रांनी साफ नकार दिला. आर्थर कॉनन डॉयलचे शेरलॉक होम्सपुढे काही वेगळे झाले नाही. १८८७ साली जन्मलेल्या होम्सचा त्याला लवकरच कंटाळा आला. ऐतिहासिक कादंबऱ्या हे आपले खरे काम, असे त्याला वाटे. १८९१ साली त्याने आईला पत्रातून कळवले की होम्सला संपवायचा विचार आहे. आईने विरोध केला. नातवासाठी आजी मध्ये पडावी तसेच हे! शेवटी १८९३ साली डॉयलने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशनबाखच्या धबधब्यात लोटलेच. वाचक खवळले, आणि दहा वर्षांनी, १९०३ साली, तो त्यातून वाचला होता असे डॉयललाच लिहावे लागले.

मिस्टर बीनबाबत मात्र नटाला मानसपुत्र लाभला असे खुशाल म्हणावे. रोवन ॲटकिन्सनने तो रिचर्ड कर्टिससोबत घडवला आणि स्वतःच वठवला. ॲगथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही अर्थात मानसकन्या.

कॉनरीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६४ च्या कादंबरीत फ्लेमिंगने बाँडचे वडील स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोचे असल्याचे लिहिले, आणि यामागे स्कॉटिश कॉनरीचा प्रभाव होता असे मानले जाते. म्हणजे नटामुळे बाँडला कुळ मिळाले असेल, जन्म नव्हे. लेखात ‘कॉनरीने साकारलेला बाँड’ असे हवे होते.