डिग्री घ्यायला पाठवलंय का टेम्पो भरायला?

या वेळच्या पत्रांत निम्मी पत्रं कॉलेजच्या कार्यक्रमांचीच निघाली. साहजिक आहे म्हणा, गॅदरिंगचे दिवस आहेत. एका पत्राला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी रुसू नये.

ताई, पत्र मोठं झालंय, आधीच सांगते. मी मूळची विट्याची, पुण्यात एस.वाय.ला आहे. आमच्या शाळेत गॅदरिंग म्हणजे रेकॉर्ड डान्स आणि शेवटी पाहुण्यांचं भाषण, त्यामुळे कॉलेजात नाटकाच्या ग्रुपची ऑडिशन आहे म्हटल्यावर मी नुसती बघायला गेले आणि मैत्रिणींनी ढकलून उभं केलं. दोन वाक्यं बोलले तोवर मागून कुणीतरी हसलं, माझं बोलणं गावाकडचं आहे ना. रोल मिळाला नाही हे सांगायला नकोच. पण एक सिनियर दादा म्हणाला बॅकस्टेजला ये, माणसं कमी आहेत, आणि मी हो म्हटलं, का म्हटलं ते मला अजून माहीत नाही.

मग माझ्याकडे प्रॉपर्टी आली. म्हणजे कंदील, पितळी तांब्या, चष्मा, डायलचा जुना फोन (तो जुन्या बाजारात रविवारी उन्हात फिरून मिळवला, आणि भाव करताना मी पहिल्यांदा पुण्यात मोठ्या आवाजात बोलले). कुठली वस्तू कुठल्या विंगेत, कुणाच्या हातात, कुठल्या प्रवेशात, सगळं वहीत लिहून ठेवायचे. सगळ्यात भारी काम ब्लॅकआऊटमधलं. स्टेजवर रेडियमच्या टेपचे बारीक तुकडे चिकटवलेले असतात, अंधारात तेवढेच दिसतात, चपला काढून पळत जायचं, खुर्चीचे पुढचे दोन पाय टेपवर, तांब्या डावीकडे, कंदील उजवीकडे, आणि लाईट यायच्या आत परत विंगेत. त्या अंधारात पहिल्या रांगेतल्या माणसाचं खोकणंसुद्धा ऐकू येतं. माझ्यामुळे एकदाही खुर्ची हलली नाही, हे मी अभिमानाने सांगते, कारण दुसरं कोण सांगणार.

दुसरी गोष्ट. आमच्या एकांकिकेत एक शेतकरी आई होती आणि तिची भाषा म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘हाय’ आणि ‘न्हाय’ लावलेलं, त्यात एका वाक्यात विदर्भातलं ‘करून राह्यलो’ आणि पुढच्याच वाक्यात आमच्याकडचं ‘काय करालायस’. बरेच दिवस गप्प बसले. मग एकदा तालमीत न राहवून म्हटलं, असं कुणी बोलत नाही. सगळे वळून बघायला लागले. लेखक मुलगा म्हणाला मग कसं बोलतात, तू सांग. त्या रात्री मी त्या आईची सगळी वाक्यं माझ्या आजीच्या बोलण्यात लिहून दिली आणि त्या मुलीकडून म्हणून घेतली. ऑडिशनला ज्या बोलण्यावर हसले तेच आता मी शिकवत होते!

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत आम्ही प्राथमिक फेरीतच बाहेर पडलो. भरत नाट्य मंदिराच्या बाहेर ‘आव्वाज कुणाचा’ ओरडून सगळ्यांचे घसे बसलेले, निकाल लागला आणि एकदम शांत. सगळ्यांनी मिळून चहा घेतला आणि सेटचे फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या चौकटी, टेम्पोत भरायला मी आणि अजून दोघं, बाकी कुणी नाही.

आता घरचं. अटेंडन्स कमी पडला, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं, घरी पत्र गेलं. पप्पा म्हणाले, डिग्री घ्यायला पाठवलंय का टेम्पो भरायला? मला उत्तर देता आलं नाही. पीजीच्या काकू साडेनऊला दार लावतात, तालीम अकरापर्यंत चालते, रोजचं तेच भांडण. सगळे म्हणतात नाटकाने पर्सनॅलिटी डेव्हलप होते, पण माझ्यात खरंच काही बदललंय का मला नुसतं वाटतंय? आणि टी.वाय.ला करू का सोडू?

अगं, एवढ्या पत्रातली एकही ओळ कापावीशी वाटली नाही मला. पण आधी रोकडं बोलू या.

अटेंडन्सची पंचाहत्तर टक्क्यांची अट आहे आणि ती राहणार, नाटकासाठी कुणी ती उचलून ठेवणार नाही. बहुतेक कॉलेजात स्पर्धेच्या दिवसांची हजेरी सांस्कृतिक विभागाच्या सरांच्या सहीने मिळते, पण त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, लिस्ट लागल्यावर नाही. आणि ग्रुप यादी देताना नेमकी बॅकस्टेजवाल्यांची नावं विसरतो, हे मी इतक्या कॉलेजांत पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. तेव्हा यादी तूच कर, वही ठेवायची सवय आहेच तुला. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात को-करिक्युलर म्हणून एनएसएस, एनसीसी, खेळ यांच्याबरोबर परफॉर्मिंग आर्ट्सनाही क्रेडिट आहेत. तुमच्या कॉलेजने त्यातलं काय घेतलंय ते ऑफिसात जाऊन विचार. घरी पप्पांना भाषण देण्यापेक्षा क्रेडिटचा कागद दाखवणं सोपं पडेल.

पीजीच्या दाराचं मात्र तू एकटीने भांडायचं नाही. साडेनऊची वेळ तुझी एकटीची नसणार, ग्रुपमधल्या आणखी मुलींची असेल. दिग्दर्शकाला सांग की मुलींचे प्रवेश आधी घ्या, चर्चा आणि गप्पा नंतर. अकरापर्यंत चालणाऱ्या तालमीत पहिला तास लोक यायची वाट बघण्यात जातो, खोटं असेल तर मला लिही. आणि चार वर्षांपूर्वी पासआऊट झालेले जे दादा लोक कट्ट्यावर बसून ‘आमच्या वेळी पहाटेपर्यंत तालीम चालायची’ म्हणतात ना, त्यांना हसून चहा द्यायचा आणि पुढे जायचं. त्यांच्या वेळी मुली किती होत्या ग्रुपमध्ये तेही विचार एकदा.

आता तुझा खरा प्रश्न. मला हे ‘कॉन्फिडन्स आला, पर्सनॅलिटी डेव्हलप झाली’ वगैरे ऐकून कंटाळा आलाय, कारण ते सगळेच म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. तू मात्र पत्रात तसं काही न म्हणता सगळं लिहून टाकलंयस. जुन्या बाजारात भाव केलास. अंधारात दुसऱ्या माणसाच्या पायात खुर्ची येणार नाही याची जबाबदारी घेतलीस. आणि भरल्या तालमीत ‘हे चूक आहे’ म्हणालीस, नुसतं म्हणून थांबली नाहीस, रात्री बसून बरोबर काय ते लिहूनही दिलंस! चूक दाखवणारे ढिगाने मिळतात ग, वाक्यं लिहून आणणारे फार थोडे. तेव्हा वाटतंय वगैरे काही नाही, बदललंय, आणि माझ्या मते ते तुला रोल मिळाला असता तर इतकं बदललं नसतं. रोल करणाऱ्याला आपलं वाक्य सांभाळायचं असतं, प्रॉपर्टीवाल्याला सगळ्यांची वाक्यं पाठ असावी लागतात, कारण कुठल्या वाक्याला कंदील लागतो ते माहीत नसेल तर तो कंदील काय कामाचा.

आणि प्राथमिक फेरीचं म्हणशील तर पुरुषोत्तम करंडक महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेतेय, इतक्या वर्षांत बाहेर पडलेल्या संघांची मोजदादच नको, दर वर्षी जिंकणाऱ्यांपेक्षा तेच जास्त असतात. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्या दर्जाची एकांकिका दिसली नाही म्हणाले, केवढा वाद झाला तेव्हा. पोरांच्या मेहनतीचा अपमान, असं एक म्हणणं. करंडक दिलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय, असं दुसरं. मी दुसऱ्या बाजूची आहे, रागवा हवं तर. पण त्या वर्षीच्या पोरांची तालीम काही फुकट गेली नाही आणि तुझीही गेलेली नाही, निकालाचा कागद आणि तुझ्या वहीतलं काम यांचा तसा काही संबंध नसतो.

पुण्यात एकांकिकेचा विषय निघाला की लोक अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी अशी नावं घेतात, बीएमसीसी कॉलेजच्या एकांकिकांमधून पुढे आलेली मंडळी, आणि घ्यावीतच. पण त्या सगळ्या प्रयोगांना प्रॉपर्टी कुणी लावली ते कुणाला आठवत नाही, हे बरोबर नाही आणि लवकर बदलेल असंही मला वाटत नाही. तुला नाव हवं असेल तर सरळ माग. प्रयोगाआधी जी अनाउन्समेंट होते त्यात बॅकस्टेजची नावं घ्या म्हणून सांग. लाजायचं काय त्यात.

टी.वाय.ला कर, पण परत प्रॉपर्टी नको. प्रॉपर्टी एफ.वाय.च्या कुणाला तरी शिकव, वही दे त्याच्या हातात आणि चुकला तर चुकू दे. तू लिहायला बस. तुझ्या आजीच्या बोलण्यातली एकांकिका तुमच्या ग्रुपमध्ये दुसरं कोण लिहिणार? फिरोदिया करंडक स्पर्धेला उतरणार असाल तर अजून बरं, तिथे गाणं, नाच, वाद्यं, चित्रकला सगळं एकाच प्रयोगात गुंफावं लागतं, लिहिणाऱ्याचा कस लागतो. आणि टेम्पो भरायला तिघंच असतात हे पुढच्या मीटिंगमध्ये बोल, चहा पिणाऱ्या सगळ्यांसमोर. पप्पांना एकदा प्रयोगाला बोलव. स्टेजवर तू दिसणार नाहीस, तेव्हा कुठल्या ब्लॅकआऊटकडे लक्ष ठेवायचं ते आधी सांगून ठेव.

ताई, मी मुंबईत टी.वाय.बी.एम.एस.ला आहे, यंदा आमच्या कॉलेजचा सीएल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला जाणाऱ्या आमच्या टीमचा लीडर होतो. दोन महिने रात्रंदिवस फेस्ट एके फेस्ट. प्रत्येक इव्हेंटला माणसं भरायची, एन्ट्री वेळेत द्यायच्या, निगेटिव्ह पॉइंट्स लागू द्यायचे नाहीत, कोड नावाने उतरल्यामुळे कॉलेजचं नाव कुणी बोलून जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या मागे लागायचं. आम्ही तिसरे आलो. पण आता सगळं एकदम रिकामं वाटतं आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या अर्ध्या लोकांशी बोलणं बंद आहे, मी खूप ओरडायचो. लीडरशिप म्हणतात ती हीच का?

नाही रे, त्याला ओरडणं म्हणतात. पण तिसरे आलात ते त्या अर्ध्या लोकांमुळेच, तेव्हा त्यांना फोन कर, एकेकाला, ग्रुपवर हात जोडल्याचे इमोजी टाकून मोकळा होऊ नकोस. ज्याच्यावर ज्या गोष्टीसाठी ओरडलास ती गोष्ट नाव घेऊन बोल. काही जण नाही उचलणार, चालतंय.

रिकामं वाटणं दोन आठवड्यांत कमी होईल, तोवर एक काम कर. मुंबई आयआयटीचा मूड इंडिगो फेस्ट १९७१ पासून चालू आहे, झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून, दर वर्षी सगळी टीम पास होऊन निघून जाते तरी चालतं, कारण जाणारे पुढच्यांना सगळं सोपवून जातात. तू काय सोपवलंस? स्पॉन्सर कोण हो म्हणाला, कोण नुसता फिरवत राहिला, कुठल्या इव्हेंटला माणसं मिळत नाहीत, पोरांच्या जेवणाचा हिशोब कुठे चुकला, सगळं लिहून पुढच्या सीएलला दे. इंटरव्ह्यूत कुणी विचारलंच तर ‘आय वॉज अ लीडर’ म्हणण्यापेक्षा ती फाइल काढून दाखव, समोरचा माणूस जरा सरळ बसेल.

ताई, आमच्याकडे गॅदरिंगला फिशपाँड असतात, म्हणजे एकमेकांवरच्या निनावी चिठ्ठ्या स्टेजवरून वाचतात. माझ्या रंगावरून चिठ्ठी आली, अख्खा हॉल हसला, मीपण हसलो. आता मित्र तेच वाक्य रोज म्हणतात. चिडलो तर म्हणतात स्पोर्टिंगली घे. मी जास्तच मनाला लावून घेतोय का?

नाही. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं आणि तुझं असतं, यात स्पोर्ट कुठला? फिशपाँडमध्ये खरंच धमाल असते हे मला मान्य आहे, उशिरा येणाऱ्यावर, कायम उधारी ठेवणाऱ्यावर, वर्गात घोरणाऱ्यावर एकेक ओळ अशी काही येते की ज्याच्यावर आली तोच सगळ्यात मोठ्याने हसतो. पण ते त्याने केलेल्या गोष्टीवर असतं. रंग तू केलेला नाहीस. मित्रांना एकदा स्पष्ट सांग की हे वाक्य मला आवडत नाही, हसत हसत सांगू नकोस, नाहीतर तेही हसण्यावारी जाईल. सांगूनही जे थांबणार नाहीत त्यांच्याबरोबर डबा खायची काही सक्ती नाही. आणि पेटीतल्या चिठ्ठ्या स्टेजवर जायच्या आधी कुणीतरी वाचून गाळायच्या असतात, तुमच्याकडे ते कुणी केलेलं दिसत नाही. सांस्कृतिक विभागाच्या मॅडमना भेट आणि पुढच्या वर्षी ते काम मला द्या म्हणून सांग, बरोबर एखादी मुलगीही घे, कारण मुलींवरच्या चिठ्ठ्या काय लायकीच्या असतात ते तुला एकट्याला कळणार नाही.