जुन्या सीजे ३बी जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलं, आता रेडिएटरचा श्राउड पंख्याला जुळत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांची पेट्रोलवरची सीजे ३बी, त्यात तुम्ही प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल बसवलंय. रेडिएटर तोच, जागाही तीच. पण नवा पंखा रेडिएटरच्या मध्यापासून दीड इंच खाली आणि थोडा डावीकडे आलाय, त्यामुळे जुना श्राउड, म्हणजे रेडिएटरला मागून जोडलेलं पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण, लावला की पाती घासतात. पाती आणि रेडिएटरची जाळी यांच्यात अडीच इंचाची फट आहे. मेकॅनिक म्हणाला, 'श्राउड काढून टाका, काही फरक पडत नाही.' काढला, आणि आता सपाटीला गाडी ठीक चालते, पण कुंभार्ली घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो.

फरक पडतो, आणि तुम्ही दिलेल्या लक्षणातच तो दिसतोय. सपाटीला ताशी ५०-६० ने जाताना समोरचा वारा आपोआप जाळीतून आत शिरतो, पंख्याला फारसं काम नसतं. घाटात भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये १५ च्या वेगानं चढताना इंजिनावर सगळ्यात जास्त ताण आणि वारा मात्र शून्य. तिथे जी हवा येते ती फक्त पंख्याची. आणि श्राउड नसलेला पंखा फक्त स्वतःच्या समोरच्या गोल तुकड्यातूनच हवा ओढतो, त्यातलीही बरीच पात्यांच्या टोकांवरून वळून पुन्हा आलेली इंजिनाकडचीच गरम हवा असते.

आकडे बघा. माझ्या जीपची जाळी १८ बाय १७ इंच, म्हणजे ३०६ चौरस इंच. पंखा १५ इंची, त्याचं वर्तुळ १७७ चौरस इंचाचं. म्हणजे जाळीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग घाटात जवळजवळ बसूनच असतो. तुमचा पंखा तर खाली सरकलाय, त्यामुळे वरचे दोन्ही कोपरे पूर्ण उपाशी. इंजिनातून उकळतं पाणी येतं ते वरच्याच टाकीत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे करा. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा धरायला सांगा आणि रेडिएटरच्या समोरच्या बाजूनं जाळीवर एकेक तुकडा ठेवा. पंख्यासमोर कागद चिकटून राहील, कोपऱ्यात ठेवलेला गळून पडेल. मी कोल्हापूरला घराच्या अंगणात हे केलं तेव्हा नऊपैकी चारच कागद टिकले होते. श्राउड बसवल्यावर नऊच्या नऊ.

आता मुख्य गोष्ट. श्राउड रेडिएटरला मापून करायचा नसतो, पंख्याला मापून करायचा असतो. रेडिएटरकडून फक्त चौकटीचं माप घ्यायचं. गोल भोक कुठे पाडायचं, किती मोठं पाडायचं आणि भोकाच्या कडेची गोल रिंग किती मागे न्यायची, हे तिन्ही पंखा ठरवतो. तुमचा जुना श्राउड त्या ७९ मिलिमीटर बोअरच्या (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास) लांब स्ट्रोकवाल्या २१९९ सीसी पेट्रोल इंजिनासाठी होता. त्या उंच इंजिनासाठीच तर १९५३ साली सीजे ३बीचं बॉनेट वर उचललं गेलं. नवं इंजिन ९० बोअरचं, २११२ सीसीचं, त्याची पुली वेगळी, वॉटर बॉडी (पंखा ज्यावर बसतो तो पाण्याचा पंप) वेगळी, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरी बैठक) वेगळं. जुना श्राउड कापून-ठोकून त्याला बसवण्यात दोन दिवस जातील आणि भोक तरीही लांबट होईल. तो आजोबांची आठवण म्हणून नीट पुसून ठेवा आणि नवा करा.

मापं घेण्याआधी इंजिन त्याच्या शेवटच्या जागी आलेलं असू द्या. माझी चूक इथेच झाली. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (चॅसिसची आडवी पट्टी) पक्का आवळायच्या आधीच मी पुठ्ठा कापला आणि श्राउड करून घेतला. पंधरा दिवसांत फाउंडेशनची नवी रबरं दबली, इंजिन तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली बसलं. मग गाडी बंद केली की खालून 'खर्र' असा आवाज. डिझेल बंद होताना जो शेवटचा झटका घेतं, त्यात पातं रिंगला लागत होतं. आठवडाभरात खालच्या कडेचा रंग जाऊन पत्रा चमकायला लागला. तेव्हा सगळे नट आवळा, गाडी खडबडीत रस्त्यावर दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा, रबरं बसू द्या. तेवढे दिवस घाट टाळा. नंतर मापटेप काढा.

मापं अशी ठेवा. पात्याचं टोक आणि रिंग यांत सगळीकडून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच फट. चार सुतापर्यंत चालतं, पण रेडिएटर चॅसिसला धरलेला आणि इंजिन रबरावर डुलणारं, शिवाय चार सिलिंडरचं डिझेल, त्यामुळे मी सहाच्या खाली जात नाही. इंचापेक्षा जास्त ठेवली तर मात्र हवा टोकांवरून परत फिरायला लागते. पंखा १५ इंची असेल तर भोक साडेसोळा इंचाचं, आणि त्याचा मध्य वॉटर बॉडीच्या हबच्या मध्यावर. श्राउडच्या पाठीवर ते भोक दीड इंच खाली आणि डावीकडे दिसेल. दिसायला वाकडं वाटतं, ते तसंच बरोबर आहे.

खोलीचं माप सगळ्यात जास्त चुकतं. बाजूनं बघितलं तर पात्याची जाडी साधारण दोन इंच असते. त्यातलं निम्मं रिंगच्या आत आणि निम्मं मागे बाहेर असायला हवं. पातं हवा सरळ मागे फेकतं तशीच बाहेरच्या अंगालाही फेकतं, मागची निम्मी कड मोकळी असेल तर त्या हवेला वाट मिळते. पूर्ण आत घातलं तर हवा आतच घुसमटते. पूर्ण बाहेर ठेवलं तर पंखा जाळीऐवजी इंजिनाशेजारची हवा ओढतो, म्हणजे श्राउड असून नसल्यासारखा.

तुमच्याकडे जी अडीच इंचाची फट आहे ती पुष्कळांना दोष वाटते आणि ते पंख्यामागे ॲल्युमिनियमचा स्पेसर (जाड चकती) घालून तो पुढे आणतात. तुम्ही तसं करू नका. पंखा जितका पुढे लोंबेल तितका वॉटर बॉडीच्या बेअरिंगवर भार, आणि स्पेसर लेथवर जराही तिरका निघाला तर सहा महिन्यांत बेअरिंग वाजायला लागतं. फट फायद्याचीच आहे. श्राउडची पाठ जाळीला चिकटून असली तर कोपऱ्यातल्या हवेला पंख्यापर्यंत यायला जागाच उरत नाही. अडीच इंच मोकळी जागा असली की चारही कोपऱ्यांतून हवा येते. पंखा पुढे नेण्याऐवजी श्राउड मागे आणा. तुमच्या बाबतीत जाळीपासून रिंगच्या मागच्या कडेपर्यंत साडेतीन इंच खोली होईल: अडीच इंच फट आणि निम्म्या पात्याचा एक इंच.

आधी जाड पुठ्ठ्याचा श्राउड करा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. बसवा, पंखा हातानं फिरवा, हौज पाइप कुठे आडवा येतो ते बघा, चुकलं तर दुसरा कापा. तो पुठ्ठा पटला की मग पत्रा.

पत्र्याचं काम मी डेंटरकडे नाही, पेट्या आणि धान्याच्या कणग्या करणाऱ्या कारागिराकडे दिलं, आणि ते फार चांगलं झालं. डेंटर वेल्डिंग करतो, वीस गेजचा पत्रा उष्णतेनं लाटेसारखा होतो. पेटीवाल्यानं पुठ्ठा जमिनीवर पसरला, खिळ्यानं पत्र्यावर रेघा मारल्या, कोपरे घडी घालून रिव्हेट मारले आणि रिंगच्या कडेत तार घालून ती मुडपली. कणगीच्या तोंडाला असते तशीच ती कड. पत्रा फक्त एक मिलिमीटरचा, पण त्या तारेमुळे रिंग हातानं दाबली तरी अंडाकृती होत नाही, आणि कधी पातं लागलंच तर धार नाही. गोल रिंगमध्ये ताठपणा हाच जीव आहे.

श्राउड दोन भागांत करून घ्या, वरचा आणि खालचा, मध्ये एक इंच एकावर एक आणि सहा मिलिमीटरचे बोल्ट. एकसंध केला तर घाटात बेल्ट तुटल्यावर रेडिएटर उतरवावा लागेल. माझ्याकडे दोन्ही बाजूला मिळून चार बोल्ट आहेत, दहा नंबरचा पाना डॅशबोर्डात असतो, वरचा भाग पाच मिनिटांत निघतो. श्राउड रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना बोल्ट करा, रबर वॉशर घालून. जाळीच्या नळ्यांना काही डाग देऊन (सोल्डर करून) अडकवू नका, थरथरीनं नळी फुटते. चौकटीला चारही बाजूंनी गाडीच्या दाराचं रबरी बिडिंग लावा. बोटभर फट जरी राहिली तरी हवा तिथूनच येणार, जाळीतून नाही.

खालच्या भागाला तळाशी अर्ध्या इंचाचं एक भोक ठेवा, पाणी निघून जायला. तुम्ही कोकणात राहता म्हणून हेही सांगतो: पावसाळ्यात ओढा पार करताना पाणी पंख्याला लागणार असेल तर आधी बेल्ट सैल करा. पाण्यात फिरणारा पंखा बोटीच्या पंख्यासारखा स्वतःला पुढे ओढतो, पाती जाळीकडे वाकतात. माझ्या एका मित्राच्या गाडीची जाळी अशीच गोलाकार सोलली गेली होती. श्राउड असला की आत पाणी साठतं, म्हणून ही काळजी जास्तच घ्यायची.

पहिल्यांदा चालू करण्याआधी रिंगच्या आतल्या बाजूला, चार दिशांना, घट्ट मळलेल्या कणकेचे चार सूत जाडीचे गोळे चिकटवा. इंजिन चालू करा, दोनदा-तीनदा रेस करा, बंद करा. ज्या गोळ्यावर पात्याची रेघ उमटेल त्या बाजूला फट कमी आहे. तिथले बोल्ट सैल करून श्राउड सरकवा. त्यासाठी बोल्टची भोकं आधीपासूनच थोडी लांबट ठेवायची.

इलेक्ट्रिक पंख्याचा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. शहरात सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला तो चांगला, पण त्यालाही पूर्ण जाळी झाकणारा श्राउड लागतोच, शिवाय फ्यूज आणि रिले. घाट चढणाऱ्या डिझेल जीपला मी बेल्टवरचाच पंखा ठेवीन. इंजिन जितकं पळतं तितका तो पळतो.

श्राउड करायला टाकण्याआधी एकदा पंखा उलटा तर बसवलेला नाही ना ते बघून घ्या. उलटा पंखाही हवा त्याच दिशेला फेकतो, म्हणून लक्षात येत नाही, पण बरीच कमी फेकतो. पात्याचा खोलगट भाग इंजिनाकडे हवा. बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर अर्धा इंच आत जायला हवा. खालचा हौज पाइप रेस केल्यावर चपटा होत असेल तर तो बदला, आत स्प्रिंग असलेला घ्या. रेडिएटरचा कॅप जुना असेल तर नवाच घ्या, पण जुन्या रेडिएटरला झेपेल तेवढ्याच दाबाचा.

आणि इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात करून घेतली नसेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ यासाठीच आहे, आणि विम्याच्या वेळी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच येतो.

एक विनंती. पंखा खाली येणं मी समजू शकतो, पण डावीकडे किती सरकलाय ते तुम्ही लिहिलं नाही. चार-पाच सूत असेल तर वर लिहिल्याप्रमाणे श्राउड करा. इंचाच्या वर असेल तर पत्रा कापायच्या आधी फाउंडेशनचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका. मग श्राउडच्या आधी इंजिनच सरळ करावं लागेल.