शेंगेन व्हिसा : दहा ऑक्टोबरचं तिकीट काढू नका

तुमचा प्रश्न असा : आई-बाबा १ मे ते १४ जुलै २०२६ म्युनिकला तुमच्याकडे राहून गेले. व्हिसा दोन वर्षांचा, मल्टिपल एंट्रीचा. आता दिवाळीसाठी १० ऑक्टोबरला यायचं आणि ५ जानेवारीला परतायचं. मधे जवळजवळ तीन महिने गेलेत, तेव्हा चालेल का?

नाही चालणार. अडतंय ते फक्त तीन दिवसांवर, म्हणून तिकीट काढण्याआधी हे नीट वाचा.

नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस व्हिसाच्या तारखेपासून मोजत नाहीत, पहिल्यांदा उतरलात त्या दिवसापासूनही नाही. आई-बाबा तिथे असतील त्या प्रत्येक दिवशी मागे वळून मोजायचं : आजचा दिवस धरून मागच्या १८० दिवसांत किती दिवस आत होते? ते ९०च्या आत हवेत, आणि रोज हवेत. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरतात.

पहिली फेरी मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे १४, म्हणजे ७५ दिवसांची. शिल्लक १५. १० ऑक्टोबरला आले तर २४ तारखेला ९० भरतात. मेमधला पहिला दिवस हिशोबातून गळतो तो थेट २८ ऑक्टोबरला. म्हणजे २५, २६, २७ला आकडा ९१, ९२, ९३ होतो आणि पुढेही रोज ९३वरच राहतो, त्यामुळे २५पासूनचा सगळा मुक्काम बेकायदा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्याच्या दोन आठवडे आधीच त्यांना परतावं लागेल.

तेच १३ ऑक्टोबरला उतरले तर? २७ तारखेला बरोबर ९० होतात आणि २८पासून रोज एक दिवस वाढतो, एक जुना गळतो. आकडा ९०वरच थांबतो, तो १० जानेवारीपर्यंत. १२ तारखेला आलात तर १५ दिवस, १३ला आलात तर ९०. कारण १५ जुलैपासून बाहेरचे सलग ९० दिवस १२ ऑक्टोबरला पूर्ण होतात, आणि तेवढी सलग गैरहजेरी झाली की नवे ९० मिळतात. ८७ दिवसांच्या गैरहजेरीला ही सवलत नाही.

तरी १३ची तारीख धरू नका. एकही दिवस हाताशी राहत नाही. १६ ऑक्टोबरला येऊन ५ जानेवारीला परतले तर मुक्काम ८२ दिवसांचा होतो आणि मोजणी कुठल्याही दिवशी ८७च्या वर जात नाही. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर शॉर्ट-स्टे कॅल्क्युलेटर आहे, त्यात तारखा टाकून ताडून बघा.

आता पासपोर्टमधलं व्हिसाचं स्टिकर बघा. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’समोर ९० आहे ना? तिथे ३० लिहिलं असेल तर वरचं गणित बाजूला ठेवा, मुक्काम तेवढाच. आणि व्हिसाची शेवटची तारीख परतीच्या नंतरची हवी.

मधे स्वित्झर्लंड किंवा क्रोएशियाला फिरून आलात तरी मोजणी थांबत नाही, दोन्ही शेंगेनमध्येच आहेत. आयर्लंड आणि ब्रिटन बाहेर आहेत, पण तिथला व्हिसा वेगळा.

‘एक-दोन दिवस कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या एंट्री/एक्झिट सिस्टिममध्ये चेहरा, बोटांचे ठसे आणि ये-जा नोंदली जाते. पूर्वी पुसट शिक्के बघून अधिकारी हाताने मोजायचा, आता जादा दिवस यंत्रणाच दाखवते. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते, पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. सत्तरीच्या माणसांना काउंटरवर हे सोसायला लावू नका.

मुदतवाढ मिळते, पण इस्पितळात दाखल होणं, विमानं बंद पडणं अशा अपरिहार्य कारणांसाठीच. तसं काही झालं तर कागदपत्रं घेऊन मुदत संपण्याआधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करायचा, विमानतळावर जाऊन नाही.

हातातल्या पिशवीत : परतीचं तिकीट, तुमचा पत्ता आणि फोन लिहिलेलं निमंत्रणपत्र, हमीपत्राची प्रत, आणि या फेरीच्या तारखांचा किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा. विमा बहुतेकांचा इथेच राहून जातो. व्हिसाच्या अर्जाबरोबर पहिल्या फेरीचाच दिलेला असतो, दुसऱ्या फेरीला नवा काढावा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने तरी चालू हवा. मधे नवा झाला असेल तर व्हिसा असलेला जुनाही सोबत घ्या.

फराळात चिवडा-चकली चालते. पेढे, खवा आणि तूप नको, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे.