स्थळाला जुना फोटो पाठवला तर ती फसवणूक होते का?

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात आणि त्यामागे लबाडी क्वचितच असते.

मीनल (नाव बदललं आहे) ४३ वर्षांची, परळला राहणारी, बँकेत नोकरी करणारी. बायोडेटात वय खरं लिहिलेलं, फोटो मात्र भावाच्या लग्नातला, आठ वर्षांपूर्वीचा. दादरच्या एका हॉटेलात भेटायला आलेल्या माणसाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मोबाइलमधल्या फोटोकडे. बोलला काहीच नाही. तेव्हापासून मीनलने ऑफिसच्या ग्रुप फोटोत उभं राहणंही सोडलं.

"नवीन फोटोत मी म्हातारीच दिसते हो."

मी तो फोटो पाहिला. हाताच्या अंतरावरून काढलेला सेल्फी, डोक्यावर ट्यूबलाइट. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि वय वाढलेलं दिसतं. जवळून तर नाक फुगतंच. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासातल्या गणितानुसार १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. शिवाय आरशातल्या चेहऱ्याची आपल्याला सवय असते. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला गेला की आपणच आपल्याला परके वाटतो. हे ऐकून तिला जरा हायसं वाटलं.

पण जुन्या फोटोबद्दल विचारलं तेव्हा तिला रडू आलं. वडील गेले त्याच्या आधीचा तो फोटो. पुढची सगळी वर्षं आईच्या आजारपणात गेली. फोटो बदलायचा म्हणजे ती वर्षं गेली हे कबूल करायचं.

माझं मत स्पष्ट आहे. वय खरं लिहिलं तरी लोक आधी फोटो बघतात, त्यामुळे जुना फोटो समोरच्याची दिशाभूल करतोच. त्याहून जास्त तो आपल्याला छळतो, कारण भेटीत गप्पा मारायच्या सोडून आपण त्याची नजर तपासत बसतो. म्हणून वर्षभरातला, फिल्टर न लावलेला फोटो द्यावा. जुना द्यायचाच असेल तर खाली साल लिहावं.

मीनलच्या भाचीने खिडकीपाशी, पाच-सहा फुटांवरून तिचा फोटो काढला. त्यात कानशिलावरचे पांढरे केस दिसतात. तो लावल्यावर विचारणा कमी झाल्या. मीनलला ते लागलं, त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. ऑफिसच्या फोटोत मात्र ती आता उभी राहते.

तुमचे तासन्‌तास आरशासमोर जात असतील, लोकांत जाणं टळत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटा. १४४१६ या टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.